जॉर्ज विटेट यांचे अध्यक्षपद

मुंबईला पहिल्यांदा आलेला माणूस खामगावचा असो, कोल्हापूरचा असो की गडचिरोलीचा, गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहून छायाचित्र काढल्याखेरीज तो परतत नाही. तेथून थोडे चालत गेले की पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागते. या दोन्ही वास्तू एकाच माणसाच्या कल्पनेतून उतरल्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. जॉर्ज विटेट हे त्याचे नाव. मात्र विटेट यांच्या आयुष्यात एक पद असे आले, की त्याचा उल्लेख त्यांच्या इमारतींच्या लांबलचक यादीनंतर कुठेतरी एका ओळीत उरकला जातो. १२ मे १९१७ रोजी मुंबईत वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी 'आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन' नावाचे मंडळ स्थापन केले आणि विटेट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. देशभरातील वास्तुविशारदांची जी संस्था आज 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ या लहानशा मंडळात आहे.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अथोल या डोंगराळ भागातल्या गावी झाला. त्या काळी ब्रिटनमध्येही वास्तुविशारद बहुधा महाविद्यालयात घडत नसे. एखाद्या नामांकित वास्तुविशारदाच्या कचेरीत काही वर्षे उमेदवारी करायची, त्याच्या हाताखाली नकाशे गिरवायचे, बांधकामावर जाऊन दगड-चुन्याचा हिशेब शिकायचा आणि मग दुसऱ्या शहरात नशीब अजमावायचे, अशी रीत होती. विटेट यांनी पर्थमध्ये अशी उमेदवारी केली, नंतर एडिंबरो आणि यॉर्क येथे साहाय्यक म्हणून काम केले. थोडक्यात, ज्याला पुढे शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मंडळाचे नेतृत्व करायचे होते, तो स्वतः कचेरीच्या शाळेत शिकला होता. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. शिक्षण परीक्षेच्या दिवशी संपत नाही, हे अशा माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

१९०४ मध्ये विटेट मुंबईत आले. जॉन बेग हे तेव्हा मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते आणि विटेट त्यांचे साहाय्यक. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दैना केली होती. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रस्ते काढायला सुरुवात केली होती आणि बंदराचा व्यापार वाढत होता. बांधकामांना तोटा नव्हता. प्रश्न होता तो या इमारतींनी कोणता वेष घ्यावा याचा. आधीच्या पिढीने मुंबईभर गॉथिक मनोरे उभे केले होते. बेग यांना ते पुढे चालवायचे नव्हते. इथल्या उन्हापावसाला आणि इथल्या कारागिरांच्या हाताला मानवेल अशी शैली त्यांना हवी होती. त्यांनी आराखडा केलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या घुमटावर विजापूरची छाया स्पष्ट दिसते. बेग पुढे भारत सरकारचे सल्लागार झाले आणि मुंबईचे पद विटेट यांच्याकडे आले.

म्युझियमची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली गेली होती, पण इमारतीचा आराखडा ठरायला आणखी चार वर्षे गेली. १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेतून विटेट यांची निवड झाली. त्यांनी काय केले, हे पाहायचे असेल तर मुख्य घुमटाखाली उभे राहून वर पाहावे. घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या कुळातला आहे, बाहेरचा दगड मुंबई परिसरातलाच पिवळसर आणि निळसर बेसाल्ट, आणि आत चक्क नाशिकच्या एका जुन्या वाड्यातले लाकडी कमानींचे काम बसवलेले. या मिश्रणाला इंडो-सारासेनिक असे भारदस्त नाव आहे. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. ई. बी. हॅवेल यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे, की साहेबाने विजापूर आणि गुजरातचे नमुने कागदावर उतरवण्यापेक्षा ज्यांच्या हातात ती परंपरा अजून जिवंत आहे त्या मिस्त्री-पाथरवटांनाच काम द्यावे. ही टीका अगदीच पोकळ नव्हती. विटेट यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की त्यांनी उसने घेतलेले अवयव नुसते चिकटवले नाहीत. म्युझियमची इमारत पाऊस झेलते, वारा खेळवते आणि शंभर वर्षांनंतरही तिच्यात फिरताना माणूस दमत नाही.

इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि वस्तुसंग्रहालयाऐवजी तेथे लष्करी इस्पितळ भरले. संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी खुली व्हायला १९२२ चा जानेवारी उजाडला. दरम्यान विटेट यांच्या टेबलावरून एकामागून एक नकाशे बाहेर पडत होते. कावसजी जहांगीर सभागृह, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, लघुवाद न्यायालय ही त्यातली ठळक नावे. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेली माती-दगड टाकून पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात जी बावीस एकर जमीन तयार केली, तिच्यावरचे बॅलार्ड इस्टेट हे त्यांचेच काम. तेथे मात्र विजापूर नाही, गुजरात नाही. सरळ रेषेत उभ्या, एका उंचीच्या, लंडनच्या वळणाच्या इमारती. प्रत्येक मालकाने आपल्या मनासारखा दर्शनी भाग करू नये, सगळ्या रस्त्याला एक चेहरा असावा, हा आग्रह त्यांनी तेथे धरला. आजच्या मुंबईतल्या कुठल्याही नव्या रस्त्यावर उभे राहिले की या आग्रहाची किंमत कळते.

हे सगळे नकाशे एकटे विटेट काढत नव्हते. सरकारी कचेरीत आणि खासगी वास्तुविशारदांकडे ओळीने बसलेले भारतीय तरुण ते काढत. त्यांना म्हणत ड्राफ्ट्समन. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९६ साली जो वर्ग सुरू झाला, तोही ड्राफ्ट्समन तयार करण्यासाठीच. साहेबाची रेघ नीटनेटकी उतरवणारा हात हवा होता. डोके साहेबाचे असणार, हे गृहीत होते. या वर्गाचे पुढे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात रूपांतर झाले. त्याची आखणी जॉन बेग यांनी केली आणि १९१३ मध्ये रॉबर्ट केबल हे या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. आता या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलाला शैलींचा इतिहास येत होता, बांधकामशास्त्र येत होते, स्वतंत्र आराखडा करता येत होता. पण नोकरी मिळत होती ती पूर्वीचीच. कचेरीत तो साहाय्यक होता आणि बाहेरच्या जगात तर वास्तुविशारद नावाचा व्यवसाय आहे हेच फारसे कोणाला माहीत नव्हते. घर बांधायचे तर लोक मिस्त्रीकडे जात, सरकारी इमारत असेल तर ती सार्वजनिक बांधकाम खात्याचा इंजिनिअर बांधी. शिकलेला भारतीय वास्तुविशारद या दोघांच्या मध्ये कुठेतरी अडकला होता.

१९१७ चे मंडळ या अडकलेल्या तरुणांचे होते. जे. जे. मधला अभ्यासक्रम पूर्ण करून कुणी सरकारी कचेरीत, कुणी खासगी वास्तुविशारदाकडे लागलेले हे माजी विद्यार्थी एकत्र आले, ते पगारवाढ मागण्यासाठी नव्हे. वास्तुकलेचा अभ्यास पुढे चालू ठेवणे आणि तिच्याशी निगडित कला व शास्त्रांचे ज्ञान वाढवणे, हा त्यांनी लिहून ठेवलेला उद्देश. वरकरणी तो फारच सौम्य वाटतो. पण ज्याला जन्मभर दुसऱ्याची रेघ गिरवायची आहे, त्याला शास्त्रांचे ज्ञान वाढवून काय करायचे आहे? अभ्यास चालू ठेवण्याची इच्छा धरणे म्हणजे आपण नकाशे उतरवणारे नाही, नकाशे करणारे आहोत, असे जाहीर करणे होते.

त्यांना अभ्यासाची गरजही खरीच होती. बांधकामाचे तंत्र त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होते. दगड, वीट, चुना, सागवान यांच्या जोडीला लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट आले होते. तुळई किती जाडीची घ्यावी हे मिस्त्रीच्या अनुभवाने ठरत असे. आता त्याचे गणित मांडावे लागत होते. हे गणित सगळ्यांना वर्गात मिळाले होते असे नाही आणि मिळाले होते तेही पाच वर्षांत जुने होणार होते.

मंडळ विद्यार्थ्यांनी काढले, पण त्याला दार उघडून देणारे नाव हवे होते. सरकारचा सल्लागार वास्तुविशारद अध्यक्ष झाला की सरकारदरबारी पत्र पोचते, सभेला ज्येष्ठ मंडळी येतात आणि कचेरीतला साहेब आपल्या साहाय्यकाला संध्याकाळी लवकर सोडतो. विटेट यांनी हे पद स्वीकारले, यात त्यांचा मोठेपणा आहे आणि मर्यादाही. ते साम्राज्याचे अधिकारी होते, साम्राज्याच्या स्वागताची कमान त्यांच्याच हातून आकार घेत होती. भारतीय वास्तुविशारदाला स्वतंत्र करण्याची चळवळ त्यांनी केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्यांच्यापैकी अनेक जण कचेरीच्या उतरंडीत त्यांच्यापेक्षा कितीतरी खाली होते, त्यांच्या सभेचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. त्या काळच्या मुंबईत, जिथे अनेक क्लबांची दारे भारतीयांना बंद होती, तिथे एका व्यवसायातील गोरे आणि काळे, वरिष्ठ आणि कनिष्ठ एका मंडळात बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

या मंडळाचा परीघ तेव्हा मुंबईपुरताच होता, हेही ध्यानात घ्यायला हवे. उदाहरणादाखल खामगावच घ्यावे. वऱ्हाडातील या कापसाच्या पेठेला जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो १८७० मध्ये, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. येथील रुईच्या गाठी थेट मुंबईच्या बंदरात जाऊ लागल्या. विटेट यांच्या काळातल्या मुंबईचे वैभव ज्या कापसावर पोसले गेले, त्यात वऱ्हाडचा वाटा मोठा होता. पण कापूस मुंबईला जात असला तरी मुंबईच्या सल्लागार वास्तुविशारदाचा अधिकार वऱ्हाडात चालत नव्हता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार मध्य प्रांताचा. मुंबई राज्यात ते आले १९५६ मध्ये. खामगावच्या एखाद्या मुलाला वास्तुविशारद व्हायचे असते तर त्याला जे. जे. मध्येच जावे लागले असते, आणि शिकून तो गावी परतला असता तर पुढचे शिक्षण, सहकाऱ्यांशी चर्चा, नवे नकाशे पाहणे, हे सारे जलंबच्या गाडीबरोबर मागे राहिले असते. मुंबईत राहिलेल्याला निदान मंडळ होते.

१९१९ मध्ये विटेट यांनी सरकारी नोकरी सोडली आणि टाटा इंजिनिअरिंग कंपनीत ते दाखल झाले. मुंबईच्या उत्तरेकडे उपनगरे वसवण्याच्या योजना टाटांनी हाती घेतल्या होत्या. टाटा समूहाचे मुख्यालय असलेले, १९२४ मध्ये पूर्ण झालेले बॉम्बे हाऊस त्यांच्याच आराखड्याचे. याच काळातले त्यांचे परळचे काम मात्र विशेष उल्लेखनीय. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून जे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तेथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत अशी अट होती. इतर सरकारी संस्थांत भारतीय डॉक्टरांना वरच्या जागा मिळत नसत, त्याला दिलेले हे उत्तर होते. महाविद्यालय १९२५ मध्ये आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्या इमारतींचा आराखडा विटेट यांचा. डॉक्टरांचा प्रश्न आणि ड्राफ्ट्समनांचा प्रश्न मुळात एकच होता. फरक एवढाच, की डॉक्टरांना देणगीदार भेटला.

गेटवेची कथा अधिक रेंगाळलेली आहे. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला कमान होती ती तात्पुरती. कायमच्या कमानीची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली, विटेट यांचा अंतिम आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. पण आधी समुद्र मागे हटवायचा होता. १९१५ ते १९१९ भराव घालण्यात गेली, पाया १९२० मध्ये पुरा झाला. पिवळा बेसाल्ट, काँक्रीट, ग्वाल्हेरहून आणलेल्या दगडी जाळ्या आणि गुजरातच्या सोळाव्या शतकातील शैलीची आठवण देणारे मनोरे असा तिचा थाट. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तिचे उद्घाटन केले. कमान झाली, पण तिच्यापर्यंत सरळ नेणारा जो भव्य रस्ता आराखड्यात होता, त्याला पैसे उरले नाहीत. म्हणून गेटवे आजही येणाऱ्या रस्त्याशी किंचित तिरका उभा आहे. छायाचित्र काढणाऱ्यांना हे जाणवत नाही. नकाशा पाहणाऱ्याला मात्र तो रस्ता सतत खटकत राहतो.

त्यानंतर विटेट दोन वर्षांहूनही कमी जगले. ११ सप्टेंबर १९२६ रोजी आमांशाच्या तीव्र विकाराने मुंबईतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. परळचे रुग्णालय सुरू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

मंडळ मात्र त्यांच्या हयातीतच मोठे होऊ लागले होते. १९२२ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्याचा विचार पुढे आला आणि ते केवळ माजी विद्यार्थ्यांचे न राहता 'बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन' झाले. १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूटशी ते संलग्न झाले आणि २ सप्टेंबर १९२९ रोजी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' या नावाने त्याची नोंदणी झाली. मुंबईची संस्था अशा रीतीने नावापुरती तरी भारताची झाली. केबल यांच्यानंतर १९२३ पासून जे. जे. मधील वास्तुकला विभाग सांभाळणारे क्लॉड बॅटली यांनी या कामाला वेगळी दिशा दिली. विद्यार्थ्यांनी जुनी देवळे, वाडे, मशिदी स्वतः मोजाव्यात, त्यांचे नकाशे करावेत, हा त्यांचा आग्रह होता. विजापूरचा घुमट विटेट यांनी उचलला होता. बॅटली यांची मुले तो का टिकला, हे फूटपट्टी लावून शिकू लागली. याच शिक्षणातून गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारखे वास्तुविशारद निघाले, ज्यांच्या इमारतींनी पुढे मरिन ड्राइव्हचा चेहरा घडवला.

१९३४ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. पण सर्वसामान्य माणसाशी तिची खरी गाठ पडली ती १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये. टाउन हॉलमध्ये संस्थेने 'आदर्श घर' या विषयावर प्रदर्शन भरवले. स्वयंपाकघर कसे असावे, न्हाणीघरात काय हवे, काँक्रीटच्या सदनिकेत हवा-उजेड कसा खेळवावा, हे तेथे मांडून दाखवले होते. बारा दिवसांत सुमारे एक लाख लोक ते पाहून गेले. विटेट यांच्या काळात ज्या व्यवसायाचे नाव लोकांना माहीत नव्हते, त्याच्या दारात रांगा लागल्या. कचेरीत काम करता करता शिकणाऱ्यांसाठी संस्थेच्या परीक्षाही होत्या. उमेदवारी करून वर आलेल्या पहिल्या अध्यक्षाला ही वाट ओळखीची वाटली असती.

वास्तुविशारद या पदवीला कायद्याचे संरक्षण मिळायला १९७२ उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने नोंदणीकृत व्यक्तीलाच आर्किटेक्ट म्हणवून घेण्याचा अधिकार दिला. त्यामुळे १९१७ मधल्या तरुणांना हवी असलेली ओळख मिळाली, पण ज्ञान वाढवत राहण्याचा त्यांचा दुसरा उद्देश कायद्याने पुरा होण्यासारखा नव्हता. तो गावागावांतल्या बैठकांवर आणि कार्यशाळांवरच राहिला, आणि मुंबईपेक्षा त्याची निकड लहान गावांत अधिक आहे. खामगावची जमीन त्याची साक्ष देईल. ही कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तिच्याबरोबर वरच्या घराच्या भिंतीही तडकतात. जुने मिस्त्री खोल मुरुमापर्यंत पाया नेत. खाली फुगीर टोक असलेल्या खांबांचा पाया हा त्यावरचा दुसरा उपाय रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झाला, तो १९५० च्या दशकात. त्याआधी पदवी घेऊन वऱ्हाडात परतलेल्या कोणालाही तो वर्गात शिकायला मिळालेला नव्हता. ज्यांना तो कळला, त्यांना तो कुठल्यातरी बैठकीत, कुणा सहकाऱ्याकडून किंवा टपालाने आलेल्या अंकातून कळला.